छप्पन सालचे झाडून सगळे सिनेमे

१८ जानेवारी, शनिवार. हायडेलबर्गहून परतताना, ट्रेनमध्ये.
आजपासून ही वही रोज लिहायची. रोज म्हणजे रोज. मागच्या वहीची चारच पानं झाली, पण ती वही चौकटीची होती. चौकटीत मला सुचत नाही.

मंडळाच्या संक्रांतीला वल्लरी भेटली. काळी साडी, वर लोकरी जाकीट, पायात बर्फाचे बूट. तरीही! तिळगुळाचा डबा घेऊन फिरत होती. माझ्या हातावर दोन वड्या ठेवल्या. तिच्याभोवती कायम घुटमळणाऱ्या सत्यजितला एक. मी नीट पाहिलं.

हल्ली काय चाललंय, असं तिने विचारलं. मी सांगितलं, कॉलेज सोडलं. म्हणाली, ते जुनं झालं रे, त्याच्यानंतर काय सोडलंस? सगळे हसले. मग तिने यादीच म्हटली. गिटार, जिम, जर्मनचा क्लास, ती बेकरीतली नोकरी. क्रम एकदम बरोबर. ज्या मुलीला माझं सगळं एवढं पाठ आहे, तिच्या मनात काहीच नाही हे कसं शक्य आहे?

वल्लरी तिथे सिनेमाचं एम.ए. करते आणि जुन्या सिनेमांच्या एका क्लबात आहे. हे लोक दर हिवाळ्यात एक देश आणि एक साल धरतात. यंदा ब्रिटन, १९५६. शेवटच्या संध्याकाळी, २८ फेब्रुवारीला, ज्याला बोलायचंय त्याने दहा मिनिटं बोलायचं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की त्या साली इंग्रजांनी काढलेले झाडून सगळे सिनेमे मी बघणार आणि येऊन बोलणार. ती म्हणाली, अरे शंभराच्या आसपास असतील. मी म्हटलं, असू देत. मग ती हसायची थांबली आणि म्हणाली की सगळे राहू देत ध्रुव, तू एक गोष्ट शेवटापर्यंत नेलेली मला बघायचीय. कुठलीही.

मला बघायचीय. मला बघायचीय. मला बघायचीय.

सत्यजितने मध्येच विचारलं की पैज लावायची का. मी त्याला गप्प बस म्हटलं. जरा मोठ्याने म्हटलं गेलं. एक बाळ रडलं.

१९ जानेवारी, रविवार. आत्याचं घर, त्सुफेनहाउझेन, स्टुटगार्ट.
नियम.
१. सिनेमा पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत पाहिला तरच मोजायचा.
२. बघताना फोन नाही.
३. प्रत्येक सिनेमावर एक पान टिपण.
४. सत्यजितचा विचार करायचा नाही.

कौमुदीआत्याला सांगितलं. तिने विचारलं, आणि आउसबिल्डुंगचं काय? कॉलेज सुटल्यामुळे माझा व्हिसा लटकलाय. पेरमिट ३१ मार्चपर्यंत आहे. तोवर कुठेतरी आउसबिल्डुंगची, म्हणजे कामावरच्या प्रशिक्षणाची, जागा मिळाली नाही तर परत नाशिक. वासुकाकांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये माझी मुलाखत ठरवलीय, ११ फेब्रुवारीला. मी आत्याला म्हटलं की ११ ला अजून खूप वेळ आहे. आत्या काकांना म्हणाली, अहो, तुम्ही तरी काही बोला. काका म्हणाले, सिनेमे कृष्णधवल असतील तर आवाज कमी ठेव, मला मॅच बघायचीय.

उद्यापासून आमची केअरवोखे. जिना झाडून पुसायचा आठवडा. पाटी दारावर अडकवली की तो आठवडा आपला, रविवारी संध्याकाळी ती आपण शेजाऱ्यांच्या दारावर नेऊन अडकवायची. चार घरं, चार आठवडे. या घरात मला दिलेलं हे एकमेव काम आहे.

२१ जानेवारी, मंगळवार.
लायब्ररीत सोनं सापडलं. वीटभर जाड पुस्तक, सालवार सगळे सिनेमे, देशासकट! १९५६ काढलं आणि ब्रिटनचे मोजले. बावन्न. फक्त बावन्न! वल्लरीने शंभर सांगून मला घाबरवलं. किंवा परीक्षा घेतली. किंवा काळजीपोटी जास्त सांगितले, म्हणजे मी जास्तीची तयारी ठेवावी.

पुस्तकाला सतरा पानांची प्रस्तावना आहे. दीड पान वाचली. यादी कशी लावली, कुठल्या तारखा धरल्या वगैरे. जर्मन माणसाला यादी देण्याआधी यादीबद्दल बोलावंच लागतं. सोडून दिली.

बावन्न सिनेमे, अडतीस दिवस. रोज दीडसुद्धा नाही. एखादा दिवस सुट्टीही घेता येईल. आजच घेतो.

२४ जानेवारी, शुक्रवार.
तीन झाले. तिन्ही जर्मनमध्ये डब केलेले, कारण इथे सगळंच डब करतात. पहिल्यात जहाज बुडतं. दुसऱ्यात जहाज बुडायची शक्यता असते. तिसऱ्यात रेनकोट घातलेला एक इन्स्पेक्टर आहे आणि जहाज अजिबात नाही, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं झालं.

एक गोष्ट लक्षात आली. काहीही होवो, हे लोक चहा पितात. बोट फुटली, चहा. प्रेत सापडलं, चहा. टिपणात एक रकाना वाढवला. सिनेमात किती कप चहा प्यायले. आतापर्यंत एकोणीस.

२६ जानेवारी, रविवार.
जिना वरच्या मजल्यापासून सुरू केला. एक टप्पा झाला आणि लायब्ररीची डिस्क आजच बघायची आठवण झाली. उरलेला जिना स्वच्छच दिसत होता. पाटी हेबर्लेबाईंच्या दारावर अडकवून आलो.

हेबर्लेबाई म्हणजे समोरच्या. वय अंदाजे जिन्याएवढं. पाच मिनिटांत घंटी वाजली. त्यांनी आत्याला खाली नेलं आणि एकेक पायरी दाखवली. आत्या परत आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

३१ जानेवारी, शुक्रवार.
नऊ झाले. एकविसावा कॅप्टन.

वल्लरीला मेसेज केला की नऊ झाले. तिने लिहिलं, अरे वा, खरंच? त्यात 'अरे वा' आहे आणि 'खरंच'ही आहे. म्हणजे आनंद आणि उत्सुकता. दोन भावना एका ओळीत! सत्यजितला एवढं कधी मिळालं असेल असं वाटत नाही. मी उत्तरात सात मेसेज पाठवले. तिने एकावर अंगठा लावला.

नियम १ मध्ये दुरुस्ती. शेवटची नावं धरायची नाहीत. ती कुणीच बघत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.
आत्याच्या म्हणण्यानुसार मी झोपेत जर्मनमध्ये ओरडतो. काय ते तिला कळलं नाही, पण काकांना कळलं. डाव्या बाजूची होडी सोडा, असं ओरडलो म्हणे. काका म्हणाले, याचं व्याकरण सुधारतंय, चालू दे.

डिस्क मिळत नाहीत. बावन्नपैकी लायब्ररीत अठरा, नेटवर चौदा. उरलेले वीस कुठेच नाहीत. मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं की असं कसं. त्या म्हणाल्या, काही सिनेमे कुणीच जपून ठेवले नाहीत. मला एकदम भडकायलाच झालं. म्हणजे माणसाने मेहनतीने एक गोष्ट पूर्ण करायची, आणि जगाने ती सांभाळायचीही नाही? हे सगळं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी मला एक फॉर्म दिला.

नियम १ मध्ये दुरुस्ती. जे सिनेमे मिळतच नाहीत ते कथासार वाचून मोजावेत.

८ फेब्रुवारी, शनिवार.
एकदम सदतीस झाले! सतरा बघून, वीस वाचून. चहा १४२ कप. (वाचलेल्या सिनेमांत चहा कळत नाही. ते रकाने मोकळे ठेवले.)

११ फेब्रुवारी, मंगळवार.
मुलाखत. काकांनी रजा टाकून गाडीने नेलं. वाटेत म्हणाले की फार बोलू नकोस, विचारतील तेवढंच, आणि काही झालं तरी उठू नकोस. मी म्हटलं, काका, मी लहान आहे का?

वर्कशॉपचा मास्टर चांगला माणूस वाटला. त्याने विचारलं की तीन सेमिस्टरनंतर कॉलेज का सोडलं. मी सरळ बसून सांगितलं की संकटाच्या वेळी मी माझ्या माणसांना सोडून जाणाऱ्यातला नाही, सर. वाक्य अस्खलित आलं. ते कुठल्या कॅप्टनचं, हे बोलून झाल्यावर आठवलं. मास्टरने फाइल पुन्हा पहिल्यापासून चाळली. मग विचारलं की आल्झो, म्हणजे असं बघा, समजा एखादं काम मध्यावर कंटाळवाणं झालं, तर तुम्ही काय करता?

आता हा काय प्रश्न झाला? हा तर सरळसरळ टोमणा. याला वल्लरीने सांगितलं का? की सत्यजितने? मी उठून निघून आलो.

काका पार्किंगमध्ये होते. त्यांनी नुकतंच सँडविचचं फॉइल उघडलं होतं. एक घासही घेतला नव्हता. मी म्हटलं, मला ती जागा पसंत नाही. काकांनी फॉइल पुन्हा नीट घडी घालून बंद केलं. घरापर्यंत रेडिओ लावला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
आत्याने जाहीर केलं की यापुढे मी तुझ्या कशालाही हात लावणार नाही. तुझे कपडे, तुझी पत्रं, तुझी ती केअरवोखेची पाटी. लटकू दे दारावर वर्षभर. मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्यासाठी चहा केला. तिने घेतला नाही. सिनेमात असं कधीच होत नाही.

पण २८ तारखेनंतर सगळं बदलणार आहे. एकदा वल्लरीसमोर हे पूर्ण झालं की बाकीचं आपोआप होईल. व्हिसासुद्धा. कसं ते आत्ता सांगता येत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
आज कुणालाही मेसेज करणार नाही. स्वाभिमान.

तीन वाजता वल्लरीला मेसेज केला. मजकूर: ४१. तिने लिहिलं, कसले? मी लिहिलं, सिनेमे. ती म्हणाली, अय्यो, तू खरंच करतोयस? मी तुला बोलायला चौथा नंबर लावून ठेवते, ओस्टरटागांना सांगते. ओस्टरटाग म्हणजे क्लबचे अध्यक्ष, निवृत्त जमीन-मोजणी अधिकारी. पुढे लिहिलं, पण नक्की येशील ना रे? त्यांना वेळ पाळलेली लागते.

नक्की येशील ना. ही मुलगी मी येणार नाही या भीतीने ग्रासली आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
सेहेचाळीस. आता दुप्पट वेगाने बघतो. दुप्पट वेगात बुडणारं जहाज फार वाईट दिसत नाही, उलट सुटका होते. फक्त चहा मोजताना त्रास होतो, कप दिसेपर्यंत रिकामा.

दारावर पाटी आहे, आमचा आठवडा. शनिवारी बघू.

२३ फेब्रुवारी, रविवार.
शनिवारी तीन सिनेमे होते. आज रविवार, रविवारी बादली वाजवली की या देशात पाप लागतं, हे मला गेल्या खेपेनंतर कळलं. माझा इलाजच नाही.

भाषण लिहायला घेतलं. जर्मनमध्ये. पहिलं वाक्य फार छान झालंय. दुसरं उद्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
बावन्न!!! बावन्नपैकी बावन्न. पूर्ण पाहिलेले एकोणीस, पण दुरुस्त नियमांनुसार बावन्न. चहा ३११ कप.

पूर्ण. हा शब्द दोनदा गिरवला. आत्याला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, बरं. मग थोड्या वेळाने म्हणाली, निळा शर्ट घाल, इस्त्री करून ठेवलाय. म्हणजे तिने माझ्या कपड्यांना हात लावला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी.
मनात सगळं ठरलंय. दहा मिनिटं भाषण. टाळ्या. खाली उतरताना वल्लरीकडे बघायचं. काहीच बोलायचं नाही. ती बोलेल.

२८ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.५०, हायडेलबर्ग स्टेशन, फलाट.
सगळं संपलं.

सुचेल तसं लिहितो. तळघरातला हॉल, तीसेक माणसं, प्रत्येकाची घरून आणलेली उशी. वल्लरी दुसऱ्या रांगेत, शेजारी सत्यजित. ओस्टरटागांनी टेबलावर अंडी उकडायचं घड्याळ ठेवलं, दहा मिनिटांची किल्ली दिली आणि मान हलवली. मी सुरू केलं. छान चाललं होतं. नावं वाचली, जहाजं सांगितली. मग चहाचा रकाना सांगितला तर लोक हसायला लागले. आधी एक म्हातारी, मग सगळे. वल्लरीही. तोंडावर हात ठेवून. मी वाचत राहिलो. ३११ म्हटल्यावर कुणीतरी उशीवर थापा मारल्या.

तेवढ्यात ओस्टरटागांनी बोट वर केलं. म्हणाले, फक्त एक छोटी गोष्ट, हेर ध्रुव (हेर म्हणजे श्रीयुत). तुमची यादी अमुक पुस्तकातली ना? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी तीच. ते म्हणाले, त्या पुस्तकात सिनेमा जर्मन थिएटरांत ज्या साली लागला ते साल धरलंय, प्रस्तावनेत तसं लिहिलंय, चौथ्या पानावर. हे बहुतेक सिनेमे ब्रिटनमध्ये आदल्या साली निघाले, काही त्याच्याही आदल्या. छप्पनचे यात पाच-सहाच असतील.

चौथं पान.

मला वाटतं ते पुढे काहीतरी बोलणार होते, कारण बोट अजून वरच होतं. पण माझं डोकं फिरलं. मी ओरडलो की तुम्ही लोकांनी सिनेमे वेळेवर का नाही आणले? एक वर्ष उशिरा! आणि म्हणे जर्मन वेळेचे पक्के! कागद टेबलावर आपटले, घड्याळ आडवं पडलं. वल्लरी उठून उभी राहिली होती. ध्रुव, थांब, असं काहीतरी म्हणाली. मी तिच्याकडे न बघता जिना चढून आलो.

गाडी बारा मिनिटं लेट आहे. बघा.

१ मार्च, शनिवार. सकाळी.
वल्लरीचा मेसेज आलाय. मोठा आहे. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे फोन हरवला तरी राहील.

'अरे वेड्या, ओस्टरटागांना एवढंच म्हणायचं होतं की साल चुकलं तरी तुझा तक्ता कामाचा आहे. त्या एका वर्षात इथल्या लोकांनी कुठले इंग्रज पाहिले आणि ते किती चहा प्यायले, हे आजवर कुणी बसून मोजलं नव्हतं. त्यांना ते क्लबच्या पत्रकात छापायचंय. लोक तुला हसत नव्हते रे, त्यांना मजा येत होती. मलाही. तू गेल्यावर सगळे तसेच बसून होते, परत येतोस की काय म्हणून. मग घड्याळ वाजलं. चारच मिनिटं राहिली होती ध्रुव. चार. मला फार वाटलं होतं की या वेळी...'

तीन टिंबं. 'या वेळी' च्या पुढे तीन टिंबं आहेत. माणूस तीन टिंबं कधी देतो? मनात काहीतरी बाकी असताना देतो. म्हणजे अजून आहे.

तीन टिंबं अर्धा तास बघत बसलो.

मग खाली आणखी एक ओळ दिसली. मफलर विसरलास, सत्यजित सोमवारी स्टुटगार्टला येतोय, तो देईल.

१ मार्च. दुपारी.
ठरलं. बोलायचं नाही, करायचं. तिने कुठलीही गोष्ट म्हटलं होतं. शब्द तिचाच आहे, कुठलीही.

दारावर पाटी अजून होतीच. काम झालं की लगेच द्यायची म्हणून ती सोबत घेतली, बादली भरली. वरच्या मजल्यापासून सुरू केलं. सगळे टप्पे. कठडेही पुसले. आडव्या पट्ट्यांमधली धूळ काडीला फडकं गुंडाळून काढली. मध्ये फोन दोनदा वाजला. घेतला नाही. दुसऱ्या मजल्यावर पाठ भरून आली, बसलो नाही. खालचा बोळ, पत्रपेट्या, पायपुसणं झटकून. आत्या दार किलकिलं करून बघत होती. काकाही. अहो, बघा तरी, असं ती कुजबुजली. काका म्हणाले, बोलू नकोस, थांबेल तो.

थांबलो नाही. शेवटची पायरी पुसली आणि तिथेच बसलो. सत्तावन्न पायऱ्या, सगळ्या ओल्या, सगळ्या चमकणाऱ्या. आयुष्यात पहिल्यांदा. रडायलाच आलं. वल्लरीला पाठवायला फोटो काढला.

तेवढ्यात हेबर्लेबाई त्यांची बादली घेऊन वरून आल्या. माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. म्हणाल्या की हा आठवडा त्यांचा आहे. आमचा गेल्या रविवारी संपला. मी पाटी दाखवली. त्या म्हणाल्या, पाटी तुम्ही आणून दिलीच नाहीत, आणि दुसऱ्याच्या दारावरची पाटी काढायची नसते, म्हणून वाट बघत होते. तुमच्या आठवड्याचा जिना तुम्ही झाडला नाहीत, तो मी झाडला. आता माझा तुम्ही झाडलात. जरा विचार केला आणि म्हणाल्या की मग फिटलं, कुणी कुणासाठी काहीच केलं नाही असं धरू. पाटी उचलली. जाता जाता सांगितलं की तळघराच्या दारामागचा कोपरा राहिलाय.

खरंच राहिलाय. जाऊन बघितलं.

बादलीतलं पाणी गार झालंय. उद्या रविवार, म्हणजे झाडता येणार नाही. सोमवारी करू. सोमवारी सत्यजितही येणार मफलर घेऊन, त्याच्या आधी किंवा नंतर. फोटो अजून पाठवलेला नाही. कोपरा झाला की पाठवीन, म्हणजे खोटं नको.

एक मात्र खरं. मागच्या वहीची चारच पानं झाली होती, हिची आताच सतरा झाली आहेत. ही वही काही झालं तरी मी शेवटच्या पानापर्यंत